मोटर चालूच आहे!

सगळ्यात आधी एक कबुली. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्याकडे मराठी म्हणजे आठवड्यातून चार तास, आणि व्याकरणाचे मार्क सोडूनच द्यायचे असा रिवाज. त्यामुळे वार्षिकांकाच्या मराठी विभागात लिहिणार म्हटल्यावर माझी रूममेट हसत सुटली. तरी लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घाला.

दरवर्षी या पानांवर थोरामोठ्यांची चरित्रं येतात. विश्वेश्वरय्या झाले, रामानुजन झाले, टेस्ला तर दोनदा झाला. मी ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते इंजिनीअर नव्हते, डॉक्टर होते, तेही बायकांचे डॉक्टर. वैद्यकशास्त्रात त्यांचं नाव फार मोठं आहे. आपल्या मेसमध्ये मात्र मी दहा जणांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मलाही नव्हतं. त्यांचं नाव बर्नहार्ड झोंडेक.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आई बदललेली वाटली. आई सत्तेचाळीस वर्षांची आहे. ऐन थंडीत रात्री उठून ती पंखा पाचवर करायची, बाबा पांघरुणात कुडकुडायचे. बोलता बोलता तिचा चेहरा लाल व्हायचा, कपाळावर घाम यायचा. चकल्या बिघडल्या म्हणून ती रडली. आमच्या घरात चकल्यांवरून आजवर कोणी रडलेलं नाही. मी शहाणपणा करून सांगितलं की उगाच टेन्शन घेतेस, योगा कर. ती काहीच बोलली नाही. ते काहीच न बोलणं मला अजून टोचतं.

मग कपाटात तिचा रिपोर्ट सापडला. एफएसएच ७८, आणि शेजारी जाड ठशात एच, म्हणजे हाय. बाबांना वाटलं डोक्यात गाठ आहे, कारण एफएसएच पिट्युटरीतून येतं आणि पिट्युटरी मेंदूखाली असते, एवढं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. ते दोन दिवस जेवले नाहीत. खाली बारीक अक्षरात वयोगटाप्रमाणे नॉर्मल रेंज छापल्या होत्या, पण त्या कोणी वाचल्याच नव्हत्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की काही नाही, पाळी जायची वेळ आहे, सहन करा. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि विषय संपला. आई सोडून सगळ्यांचा.

माझा मात्र संपेना. पाळी बंद होते म्हणजे हॉर्मोन कमी होतात ना? मग हा आकडा जास्त कसा? कंट्रोल सिस्टिमचा पेपर दिलेल्या पोरीला हा प्रश्न पडायलाच हवा. शाळेत हे कोणी शिकवलं नव्हतं. प्रजननाचा धडा घरी वाचून या असं सांगून टीचरनी पान उलटलं होतं, आणि आम्ही अर्थातच तो आधी वाचून बसलो होतो. हॉस्टेलवर परत आल्यावर लायब्ररीत शरीरशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात अर्ध्या ओळीत झोंडेक यांचं नाव होतं. तिथून मी त्यांच्या मागे लागले ते आजपर्यंत.

तीन भाऊ, तिघेही डॉक्टर

बर्नहार्ड झोंडेक यांचा जन्म २९ जुलै १८९१ चा. गाव व्रोंके, तेव्हा ते जर्मनीच्या पोझेन प्रांतात होतं, आज पोलंडमध्ये आहे. ज्यू कुटुंब. थोरला भाऊ हेर्मान, धाकटा सामुएल. तिघेही डॉक्टर झाले आणि तिघेही संशोधनातही नाव काढणारे निघाले. आपल्याकडे एका घरात दोन इंजिनीअर असले तर आई-वडील सोसायटीत मिरवतात, इथं तर तिघे!

बर्नहार्ड यांचं शिक्षण बर्लिनमध्ये झालं आणि ते तिथल्याच शारिटे या नावाजलेल्या हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात लागले. तिथं त्यांना जोडीदार मिळाला, झेल्मार आशहाईम. आशहाईम त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे, प्रयोगशाळेत रमणारे. झोंडेक तरुण, उत्साही, एका वेळी चार कल्पना डोक्यात घेऊन फिरणारे. आपल्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये असतात तशीच ही जोडी होती, फरक एवढाच की यांचं प्रोजेक्ट खरंच चाललं.

त्या काळी डॉक्टरांना एवढं माहीत होतं की अंडाशय काढला की पाळी थांबते, म्हणजे अंडाशयातून काहीतरी रक्तात जातं. पण अंडाशयाला काम करायला सांगतं कोण? लहान मुलीच्या शरीरातही अंडाशय असतो, तो बारा-तेरा वर्षं गप्प बसतो आणि एक दिवस कामाला लागतो. हे बटण दाबतं कोण?

झोंडेक आणि आशहाईम यांनी फार साधा प्रयोग केला. पिट्युटरीच्या पुढच्या भागाचा छोटा तुकडा घेतला आणि तीनेक आठवड्यांच्या, सहा ते आठ ग्रॅम वजनाच्या उंदराच्या पिल्लाच्या मांडीच्या स्नायूत बसवला. सुमारे शंभर तासांनी पाहिलं तर ते पिल्लू वयात आलं होतं! अंडाशय मोठा झालेला, त्यात बीजं पिकलेली. मग त्यांनी अंडाशय आधीच काढून टाकलेल्या उंदरावर तोच प्रयोग केला. काहीही झालं नाही. म्हणजे पिट्युटरी स्वतः काही करत नाही, ती अंडाशयाकडून करून घेते. झोंडेक पिट्युटरीला या सगळ्या यंत्रणेची मोटर म्हणत. जर्मन भाषेतही तो शब्द मोटरच आहे. हे वाचलं तेव्हा मला एकदम आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं.

न्याय म्हणून हेही सांगायला हवं की अमेरिकेत फिलिप स्मिथ आणि अर्ल एंगल यांनी जवळजवळ त्याच वेळी, १९२६-२७ मध्ये, स्वतंत्रपणे हीच गोष्ट दाखवली होती.

पाच उंदीर आणि एक चूक

यानंतर आली ती चाचणी, जिच्यामुळे ही जोडी जगभर पोचली. १९२७-२८ साली त्यांच्या लक्षात आलं की गरोदर बाईच्या लघवीतही पिट्युटरीसारखंच काम करणारा पदार्थ भरपूर असतो. ती लघवी उंदराच्या पाच पिल्लांना दोन दिवसांत थोडी थोडी टोचायची आणि शंभर तासांनी त्यांचे अंडाशय बघायचे. त्यावर रक्ताचे लाल ठिपके दिसले की बाई गरोदर. शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा उत्तर बरोबर यायचं. आज मेडिकलच्या दुकानात पट्टी मिळते आणि पाच मिनिटांत दोन रेघा दिसतात, तिची ही पणजी. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून चाचणीचं नाव पडलं ए-झेड टेस्ट. ए पासून झेड पर्यंत, योगायोगानं!

गंमत अशी, की चाचणी बरोबर होती आणि तिच्यामागचं स्पष्टीकरण चुकीचं. गरोदरपणातला तो पदार्थ पिट्युटरीतून येतो असं झोंडेक आणि आशहाईम यांना वाटत होतं. प्रत्यक्षात तो बाळाच्या वारेतून येतो. हे पुढं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्जियाना सीगर या तरुणीनं वारेच्या पेशी काचपात्रात वाढवून दाखवलं. व्हायवाला उत्तर बरोबर आणि डेरिव्हेशन चूक असं आपलं नेहमी होतं. एवढ्या मोठ्या माणसाचंही होऊ शकतं, हे वाचून बरं वाटलं.

पण झोंडेक तिथं थांबले नाहीत, आणि इथंच ते माझ्या आईपर्यंत येतात. त्यांना वाटत होतं की पिट्युटरी अंडाशयाकडे एक नाही, दोन संदेश पाठवते. त्यांना त्यांनी प्रोलान ए आणि प्रोलान बी अशी नावं दिली. पहिला बीज पिकवतो, दुसरा त्यापुढचं काम करतो. आज आपण त्यांना एफएसएच आणि एलएच म्हणतो. १९३० च्या सुमारास त्यांनी अशा बायकांची लघवी तपासली ज्यांची पाळी कायमची गेली होती किंवा ज्यांचे अंडाशय ऑपरेशननं काढले होते. या बायकांकडून काय मिळणार असं कोणालाही वाटलं असतं. दुकान बंद झालंय, कुलूप लागलंय! पण झोंडेक यांना त्यात प्रोलान ए सापडलं, आणि तेही भरपूर.

आईच्या रिपोर्टवरचा एच हाच. जवळपास शंभर वर्षांपूर्वी बर्लिनच्या एका डॉक्टरनं तो पहिल्यांदा वाचला होता.

टाकी आणि विहीर

आता हे असं का, ते आपल्या भाषेत सांगते. समजा हॉस्टेलच्या गच्चीवर टाकी आहे. खाली विहीर, विहिरीवर मोटर. टाकीत फ्लोट आहे. पाणी वर आलं की फ्लोट उचलला जातो, मोटर बंद. पाणी खाली गेलं की मोटर सुरू. टाकीतलं पाणी म्हणजे इस्ट्रोजेन, विहीर म्हणजे अंडाशय, मोटर म्हणजे पिट्युटरी. इस्ट्रोजेन वाढलं की पिट्युटरी एफएसएच कमी सोडते, घटलं की जास्त. निगेटिव्ह फीडबॅक, दुसरं काही नाही.

आता विहीर आटली तर काय होईल? टाकी भरणार नाही, फ्लोट उचलला जाणार नाही, मोटर चालूच राहील. लांबून कोणी नुसतं मोटरचं मीटर वाचलं तर म्हणेल, बापरे, मोटर केवढी चालतेय, बिघडली वाटतं! बिघडलेली नाही. ती तिचं काम इमानेइतबारे करतेय. बिचारीला उत्तर येत नाहीये, एवढंच.

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, पाळी जायच्या वेळी जेमतेम हजारभर. बीजाभोवतीच्या पेशीच इस्ट्रोजेन बनवतात. बीजं संपली की इस्ट्रोजेन घटतं. त्याच पेशी इनहिबिन नावाचा आणखी एक हॉर्मोन बनवतात, तो खास एफएसएचवर लगाम ठेवतो. तोही जातो. म्हणून पाळी गेल्यावर एलएच वाढतं तीन-चार पट, पण एफएसएच वाढतं दहा-पंधरा पट. शिवाय एफएसएच रक्तात जास्त वेळ टिकतं. तरुणपणी बहुतेक दिवस दहाच्या आत असणारा आकडा तीसच्या वर जातो, अगदी शंभरपर्यंतही पोचतो. ७८ म्हणजे अगदी चारचौघींसारखा.

ही फीडबॅकची कल्पना १९३२ साली शिकागोच्या कार्ल मूर आणि डोरोथी प्राइस यांनी स्पष्ट मांडली. आपल्या शाखेत निगेटिव्ह फीडबॅक आला तो बेल लॅबच्या हॅरॉल्ड ब्लॅकमुळे. २ ऑगस्ट १९२७ ला कामावर जाताना हडसन नदीवरच्या फेरीबोटीत त्याला ॲम्प्लिफायरची कल्पना सुचली आणि ती त्यानं वर्तमानपत्राच्या पानावरच लिहून काढली. म्हणजे ब्लॅक बोटीत आणि झोंडेक उंदरांत, दोघेही त्याच वर्षी एकाच दाराच्या दोन बाजूंना उभे होते. दोघांना एकमेकांचा पत्ताही नसणार.

शरीर मात्र आपल्या सर्किटपेक्षा जास्त हुशार आहे. १९३४ साली बर्लिनमध्येच वाल्टर होल्वेग यांनी दाखवलं की इस्ट्रोजेन काही वेळा पिट्युटरीला दाबण्याऐवजी उलट भडकवतं. दर महिन्याला मधल्या दिवसांत इस्ट्रोजेन भरपूर वाढून दोनेक दिवस टिकलं की एलएचचा लोंढा येतो आणि बीज बाहेर पडतं. म्हणजे एकच सिग्नल, कधी निगेटिव्ह फीडबॅक तर कधी पॉझिटिव्ह. आणि पाळी गेल्यावरही हे वायरिंग शाबूत असतं. अशा बाईला बाहेरून इस्ट्रोजेन दिलं तर एफएसएच आणि एलएच खाली येतात, जरी पूर्वीच्या पातळीला पूर्ण येत नाहीत. इस्ट्रोजेनपाठोपाठ प्रोजेस्टेरॉन ठरावीक पद्धतीनं दिलं तर एलएचचा तो लोंढासुद्धा पुन्हा येऊ शकतो. मोटर शाबूत, वायरिंग शाबूत. फक्त विहीर आटलेली.

१९३३

१९२९ साली झोंडेक बर्लिनच्या श्पांडाउ भागातल्या सरकारी हॉस्पिटलात स्त्रीरोग विभागाचे प्रमुख झाले होते. १९३१ मध्ये त्यांचं अंडाशयाच्या आणि पिट्युटरीच्या हॉर्मोन्सवरचं मोठं पुस्तक आलं. वय चाळीस, जगात नाव, हाताखाली प्रयोगशाळा. एखाद्या माणसाला आणखी काय हवं?

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी झोंडेक यांना कामावरून काढलं. कारण एकच, ते ज्यू होते. भाऊ हेर्मान बर्लिनच्याच दुसऱ्या हॉस्पिटलचे प्रमुख होते, त्यांचंही पद गेलं. आशहाईमसुद्धा ज्यू. ते पुढं फ्रान्सला गेले आणि १९६५ साली पॅरिसमध्येच वारले. शोधांच्या यादीत ए आणि झेड कायम शेजारी राहिले, माणसं मात्र दोन दिशांना फेकली गेली.

झोंडेक आधी स्वीडनला, स्टॉकहोमला गेले. तिथं पाहुण्यासारखं राहून काम सुरू ठेवलं. आपला सेमिस्टरचा एक प्रॅक्टिकल चुकला तर आपण आठवडाभर सुतकात असतो. या माणसाचं हॉस्पिटल गेलं, देश गेला, भाषा गेली, आणि १९३४ साली नेचर या साप्ताहिकात त्यांचा शोधनिबंध आला! विषय काय? घोड्याची लघवी. गाभण घोडीच्या लघवीत इस्ट्रोजेन भरपूर असतं हे त्यांनी आधीच दाखवलं होतं. आता सापडलं की घोड्याच्या, म्हणजे चक्क नराच्या लघवीतही ते प्रचंड असतं. पुरुषाचा हॉर्मोन, बाईचा हॉर्मोन अशी जी पक्की भिंत सगळ्यांनी डोक्यात बांधली होती, तिला मोठं भगदाड पडलं. गाभण घोडीच्या लघवीतल्या इस्ट्रोजेनपासून पुढं १९४२ साली अमेरिकेत रजोनिवृत्तीच्या त्रासावरची गोळी आली आणि जगभर बायकांनी ती घेतली. २००२ साली एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन जोडगोळीचे धोके दिसले आणि एकदम घबराट झाली. नंतर चित्र थोडं निवळलं. आता डॉक्टर वय, पाळी जाऊन झालेली वर्षं आणि बाकीची तब्येत बघून ठरवतात. आपण मनानं घ्यायची ही गोळी नव्हे.

जेरुसलेम

१९३४ मध्येच झोंडेक जेरुसलेमला पोचले. पुढं दोन्ही भाऊही पॅलेस्टाईनला आले. बर्नहार्ड हदासा हॉस्पिटलात स्त्रीरोग आणि प्रसूती विभागाचे प्रमुख झाले, हिब्रू विद्यापीठात प्राध्यापक झाले. बर्लिनच्या मानानं इथं सगळं नव्यानं उभं करायचं होतं.

इथंच १९३६ साली त्यांनी आपल्या विषयातली कळीची गोष्ट दाखवली. प्राण्यांना दीर्घकाळ मोठ्या मात्रेत इस्ट्रोजेन दिलं तर पिट्युटरीचं काम दबतं, प्राण्यांची वाढ खुंटते आणि पिट्युटरी स्वतः सुजल्यासारखी मोठी होते. म्हणजे मोटर विहिरीवर हुकूम चालवते हे खरं, पण विहिरीचं पाणीही मोटरला बदलून टाकतं. मालक कोण आणि नोकर कोण, हा प्रश्नच चुकीचा. लूपमध्ये मालक नसतो.

मोटरच्याही वर आणखी एक स्विच आहे, मेंदूतला हायपोथॅलॅमस. त्यातून येणारा जीएनआरएच हा संदेश रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांनी १९७१ च्या सुमारास उलगडला. त्यांना १९७७ चं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी हॉर्मोन रक्तात मोजायची पद्धत काढणाऱ्या रोझलिन यॅलो यांनाही. यॅलोबाईंच्या पद्धतीमुळेच आज एका इंजेक्शनभर रक्तात एफएसएच मोजता येतं, पाच उंदीर मारावे लागत नाहीत. झोंडेक यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं गेलं होतं, मिळालं मात्र नाही. १९५८ साली त्यांना इस्रायल पुरस्कार मिळाला.

१९४८ च्या युद्धात हदासाचं माउंट स्कोपसवरचं हॉस्पिटल बंद पडलं, विभाग शहरात इथं-तिथं हलवावे लागले. तशातही झोंडेक यांनी काम थांबवलं नाही. १९६१ साली ते निवृत्त झाले. सत्तरीच्या आसपास ते काय करत होते माहितीये? मोठ्या आवाजाचा प्राण्यांच्या प्रजननावर काय परिणाम होतो ते तपासत होते! कानातला आवाज मेंदूतून पिट्युटरीपर्यंत आणि तिथून अंडाशयापर्यंत कसा पोचतो, हा प्रश्न. गॅदरिंगच्या आठवड्यात आपल्या हॉस्टेलवर आले असते तर भरपूर सामग्री मिळाली असती. १९६६ साली, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी ते वारले.

नन्सची देणगी

आता माझ्यासारख्या कॉन्व्हेंटच्या मुलीला सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट. झोंडेक यांनी दाखवलं होतं की पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीत एफएसएच आणि एलएच भरपूर असतं. १९४९ साली रोममधल्या सेरोनो कंपनीच्या पिएरो डोनिनी यांनी ते शुद्ध करून काढलं आणि त्याला पेर्गोनाल नाव दिलं. ज्या बायकांची विहीर भरलेली आहे पण मोटर अशक्त आहे, त्यांना हे टोचलं तर मूल होऊ शकेल. पण औषधासाठी लघवी लागायची हजारो लिटर, तीही फक्त पाळी गेलेल्या बायकांची. त्यात एखादीही गरोदर नको, नाहीतर सगळाच घोळ. मग आठवण झाली इटलीतल्या कॉन्व्हेंटच्या वृद्धाश्रमांची. म्हाताऱ्या नन्स, एकाच ठिकाणी राहणाऱ्या. बंध्यत्वाचा त्रास असलेल्या बायकांसाठी हवं आहे हे कळल्यावर कॉन्व्हेंटमधून टँकर भरून जाऊ लागले. १९६२ साली, ब्रूनो लुनेनफेल्ड या डॉक्टरच्या उपचारानं, या औषधावरचं पहिलं बाळ इस्रायलमध्ये जन्मलं. मुलगी झाली. झोंडेक तेव्हा हयात होते.

आपल्याकडेही हा धागा पोचला. १९७८ साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ घडवलं, तेव्हा बीजं वाढवायला याच जातीचं औषध वापरलं होतं. त्यांच्या हयातीत त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. पुढं १९८६ साली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमनं यश मिळवलं. त्या टीममधल्या डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनीच १९९७ साली मुखोपाध्यायांचे कागद वाचून पहिल्या बाळाचं श्रेय त्यांना दिलं.

मला आमच्या शाळेतल्या म्हाताऱ्या सिस्टर आठवल्या. प्रार्थनेच्या वेळी त्या वहीनं वारा घ्यायच्या आणि आम्ही मागं बसून फिदीफिदी हसायचो. ज्यांना मूल व्हायचं नाही असं आयुष्यानं ठरवलेलं, त्यांच्या शरीरातून निघालेल्या, जग ज्याला घाण म्हणतं त्या गोष्टीतून दुसऱ्यांच्या घरी पाळणे हलले. चालू राहिलेली मोटर फुकट गेली नाही.

आईला फोन

आणि तो घाम, त्या वाफा? १९७९ साली लक्षात आलं की प्रत्येक वाफेबरोबर रक्तात एलएचचा एक ठोका येतो. पण वाफ एलएचमुळे येत नाही, कारण पिट्युटरी काढलेल्या बायकांनाही वाफा येतात. दोन्हींचा उगम वर, हायपोथॅलॅमसमध्ये आहे. तिथल्या काही चेतापेशी इस्ट्रोजेनचा लगाम सुटला की फुगतात आणि जोरात काम करू लागतात. शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र अगदी शेजारी आहे, त्यालाही त्या हलवतात. याच पेशींचा मार्ग अडवणारं, हॉर्मोन नसलेलं फेझोलिनेटंट हे औषध मे २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. म्हणजे आईला होत होतं ते मनाचे खेळ नव्हते, त्याचा सर्किट डायग्राम आहे.

हे सगळं समजल्यावर मी आईला फोन केला. आधी योगाबद्दल माफी मागितली. मग टाकी, फ्लोट, मोटर, विहीर सगळं सांगितलं, झोंडेक सांगितले, नन्स सांगितल्या. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग विचारलं की त्या माणसाला देश सोडायला लागला तेव्हा त्याच्या बायका-पेशंटांचं काय झालं असेल. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण शोध लावणाऱ्याचा विचार करतो, आई पेशंटचा करते.

नंतर ती म्हणाली की आता ती दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणार आहे आणि सहन करा म्हणाले तर कारण विचारणार आहे. बाबांनी बेडरूममध्ये स्वतःसाठी जाड रजई घेतलीय आणि पंख्याचा रेग्युलेटर आईच्या ताब्यात दिलाय.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या आया आत्ता याच वयाच्या आहेत. भारतात पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते, म्हणजे नेमकं आपण हॉस्टेलवर असताना. रविवारी घरी फोन कराल तेव्हा सबमिशन आणि मेसच्या भाजीनंतर एक प्रश्न आणखी विचारा. झोप लागते का गं, एवढाच. आणि मग मध्ये न बोलता ऐका.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स व टेलिकम्युनिकेशन